रविवारची पुडी थांबवायची कधी?

प्रश्न : पुण्यातल्या सहकारनगरहून एका ६४ वर्षांच्या वाचक ताईंनी लिहिलं आहे. दीडएक वर्षापूर्वी मांड्या, पाठ आणि गुडघे दुखत होते म्हणून तपासणी केली, तेव्हा व्हिटॅमिन डी ९ निघालं. डॉक्टरांनी ६० हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायला सांगितली. दोन महिन्यांत बराच आराम पडला. 'मग चांगली चाललेली गोष्ट कशाला मोडा,' म्हणून त्यांनी ती चालूच ठेवली. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही. आता १६ महिने झाले. सोबत रोज एक कॅल्शियमची गोळी आहे. यजमान ७० वर्षांचे आहेत, त्यांना ब्लड प्रेशर आहे आणि पूर्वी एकदा मुतखडा झाला होता. तेही गेले आठ महिने ताईंच्या बरोबरीने पुडी घेतात. गेल्या आठवड्यात ताईंचा रिपोर्ट ११२ आला. चार महिन्यांपासून बद्धकोष्ठ आहे, तोंडाला चव नाही, तहान फार लागते, रात्री तीनदा उठावं लागतं. मुलगी म्हणते, आजच्या आज बंद कर. भिशीतली मैत्रीण म्हणते, व्हिटॅमिनच तर आहे, जास्त झालं तर लघवीवाटे निघून जाईल, पण बंद केलंस तर गुडघे पुन्हा धरतील. डॉक्टरांकडे जायला ताईंना संकोच वाटतो. शेवटी त्यांनी हळूच असंही लिहिलंय, की पाच वर्षांच्या नातीला सारखी सर्दी होते म्हणून गेल्या महिन्यात अर्धी पुडी तिच्या दुधात घातली होती.

उत्तर :

ताई, आधी आज काय करायचं ते सांगतो. कारणं नंतर सावकाश वाचा.

पुडी बंद करा, तुमचीही आणि यजमानांचीही. कॅल्शियमची गोळीही तूर्त बंद. दोन्ही एकदम थांबवल्याने अंगावर काही उठत नाही. शरीरात साठलेलं डी महिनोन्‌महिने पुरतं, त्यामुळे हळूहळू कमी करत आणायचीही गरज नाही. यजमानांची बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

उद्या सकाळी उपाशीपोटी दोघांचंही रक्त द्या. सीरम कॅल्शियम, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते), फॉस्फरस, पीटीएच (गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथीचं हार्मोन) आणि साखर एवढ्या तपासण्या लिहून न्या. यजमानांचं डीही करून घ्या, तुमचं पुन्हा करायची गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये तसं सांगा, कारण काही यंत्रांवर बायोटिनमुळे डी खोटंच जास्त आणि पीटीएच खोटंच कमी दिसतं. तसं असेल तर कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि साखर उद्याच करा आणि पीटीएच दोन-तीन दिवस बायोटिन सोडून मग द्या. आणखी एक बारीक गोष्ट : दंडाला पट्टा बराच वेळ आवळून, मूठ उघडझाप करायला लावून रक्त काढलं तर कॅल्शियम थोडं वाढलेलं येऊ शकतं. शीर पटकन सापडत नसेल तर पट्टा सैल करून पुन्हा बांधायला सांगा.

उलट्या होऊन पाणीही पोटात राहत नसेल, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ वाटत असेल, छातीत धडधडत असेल किंवा लघवी अचानक कमी झाली असेल, तर उद्याची वाट पाहू नका. लगेच जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात जा आणि दारातच सांगा, 'दीड वर्ष व्हिटॅमिन डी घेतलंय, कॅल्शियम तपासा.' हे वाक्य महत्त्वाचं आहे. नाहीतर वयस्कर माणूस गोंधळलेला दिसला की पक्षाघात आणि सोडियम यांचाच शोध आधी होतो, आणि त्यात वेळ जातो.

आता तुमच्या ११२ कडे येऊ. लॅबच्या कागदावर ३० ते १०० हा पट्टा 'पुरेसं' म्हणून छापलेला असतो. तो वाचून बहुतेकांना वाटतं, ३० म्हणजे काठावर पास आणि १०० म्हणजे पैकीच्या पैकी. हे दहावीचे मार्क नव्हेत. हाडांना लागणारा बहुतेक सगळा फायदा २० ते ३० नॅनोग्रॅमपर्यंतच मिळून जातो. त्यापुढे आकडा वाढतो, हाडं त्या प्रमाणात मजबूत होत नाहीत. १००च्या वर सावध व्हायचं आणि १५०च्या वर विषबाधेचा धोका खरा, असा साधारण हिशेब आहे. म्हणजे तुम्ही काठाच्या थोड्या पुढे आहात. पण तुम्हाला त्रास देतंय की नाही, ते डीच्या आकड्यावरून ठरत नाही. ते कॅल्शियमच्या आकड्यावरून ठरतं, आणि तुमच्या पत्रात डीचा रिपोर्ट आहे, कॅल्शियमचा नाही. ज्या तपासणीला पैसे जास्त लागतात ती झाली आणि जी स्वस्तात होते ती राहून गेली, असं फार घरांत होतं.

मैत्रिणीच्या 'लघवीवाटे निघून जाईल' या म्हणण्यात थोडं तथ्य आहे, पण ते दुसऱ्या व्हिटॅमिनबद्दल. बी-कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीजर्द होते ती जास्तीचं पाण्यात विरघळून बाहेर पडतं म्हणूनच. डी तुपातेलात विरघळतं आणि शरीरातल्या चरबीत मुरून बसतं. यकृत त्याचं २५-हायड्रॉक्सी रूप बनवतं, तेच रिपोर्टवर मोजलेलं असतं. यकृताला इथे फारसा लगाम नाही, जेवढं येईल तेवढं ते बदलत राहतं. लगाम पुढच्या पायरीवर असतो. मूत्रपिंड त्यातलं हवं तेवढंच काम करणारं रूप बनवतं, आणि पॅराथायरॉइड ग्रंथीचा पीटीएच त्याला किती बनवायचं ते सांगतो. साठा फार झाला की हा लगाम सुटतो, कारण यकृतातलं रूपच इतकं असतं की ते स्वतः काम करायला लागतं. मग आतडी गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम शोषतात, हाडांतूनही कॅल्शियम सुटून रक्तात येतं. हाडं भरायला घेतलेलं औषध प्रमाणाबाहेर गेलं की हाडांतूनच उसनवारी करतं.

रक्तात कॅल्शियम वाढलं की मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही. म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान. पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाकडे रक्त कमी जातं, मग कॅल्शियम बाहेर पडणंही मंदावतं आणि ते आणखी वाढतं. हा फेरा सुरू झाला की माणूस दोन-तीन दिवसांत कोसळू शकतो. आतड्याचे स्नायू मंद होतात म्हणून बद्धकोष्ठ, मळमळ, भूक मेलेली. आणखी वाढलं तर अशक्तपणा, चिडचिड, गुंगी. दीर्घकाळ राहिलं तर मुतखडे आणि मूत्रपिंडातच कॅल्शियम साचणं, आणि ते नुकसान सगळं भरून येतंच असं नाही.

तुम्ही आतापर्यंत नेमकं घेतलं किती? १६ महिने म्हणजे साधारण ६९ आठवडे, म्हणजे सुमारे ४१ लाख युनिट. रोजचं पाहिलं तर साडेआठ हजार. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढांना रोज ६०० युनिट पुरेसे मानलेत आणि ४ हजार ही वरची मर्यादा धरली आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ४० युनिट, त्यामुळे एका पुडीत खरं औषध असतं फक्त दीड मिलिग्रॅम, बाकी सगळी भर. तुमच्या सगळ्या १६ महिन्यांचं डी एकत्र केलं तरी चिमूटभर मिठाएवढं भरणार नाही. म्हणूनच ते औषध आहे आणि खाण्याची जिन्नस नाही.

इथे मला एक गोष्ट खटकते. या डोसने ११२ येणं अगदी पटण्यासारखं आहे, पण केवळ ११२मुळे कॅल्शियम वाढून एवढी लक्षणं येतीलच असं नाही. ती बहुधा १५०च्या पुढे दिसतात. म्हणजे एकतर तुमचं कॅल्शियम ठीक असेल आणि तहान-लघवीचं कारण साखर असेल, म्हणून साखर यादीत घातली आहे. किंवा आणखी काहीतरी डीच्या जोडीला आहे. पहिला संशय तुमच्या कॅल्शियमच्या गोळीवर घ्या. तिची पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरं चष्मा लावून वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच कॅल्शियमच्या गोळ्यांत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियमबरोबर साधं डी-३ असतं, पण काहींत कॅल्सिट्रिऑल असतं, बहुधा ०.२५ मायक्रोग्रॅम. आकडा चिमुकला दिसतो, पण हे डीचं तयार, काम करणारं रूप आहे. मूत्रपिंडाचा लगाम त्याला लागतच नाही. आणि नेहमीच्या डीच्या रिपोर्टमध्ये ते दिसतही नाही. अल्फाकॅल्सिडॉल असं नाव असेल तरी तीच गोष्ट.

दुसरा संशय पॅराथायरॉइड ग्रंथीवर. तुमच्या वयाच्या बायकांत ही ग्रंथी वाढून कॅल्शियम चढणं दुर्मीळ नाही. म्हणूनच पीटीएच. डी जास्त झाल्याने कॅल्शियम वाढलं असेल तर पीटीएच दबलेला, अगदी तळाशी असतो. कॅल्शियम जास्त आणि पीटीएचही जास्त किंवा मध्यावर असेल तर गुन्हेगार पुडी नाही, ग्रंथी आहे, आणि त्याचा इलाज वेगळा. हा एक आकडा नसेल तर डॉक्टरही अंदाजच करत बसतात.

रिपोर्ट आल्यावर तो वाचायचा कसा? कॅल्शियम साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असावं. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर खरं कॅल्शियम दिसतं त्यापेक्षा जास्त असतं. जेवढं अल्ब्युमिन ४ ला कमी पडतं, त्याला ०.८ ने गुणून कॅल्शियममध्ये मिळवायचं. उदाहरणार्थ कॅल्शियम १०.६ आणि अल्ब्युमिन ३.५ असेल तर ०.५ गुणिले ०.८ म्हणजे ०.४, खरा आकडा ११. तुमचा खरा आकडा १०.५च्या आत असेल तर पुडी बंद ठेवून महिन्याभराने पुन्हा कॅल्शियम पाहायचं, एवढंच. १०.५ ते १२ मध्ये असेल तर दोन दिवसांत डॉक्टरांना दाखवायचं. १२च्या वर आणि सोबत लक्षणं, तर बहुधा ॲडमिट करून सलाइन देतात, क्वचित स्टेरॉइड किंवा हाडांतून कॅल्शियम सुटणं रोखणारं इंजेक्शन लागतं. १४ म्हणजे रात्री दोन वाजता आला तरी निघायचा रिपोर्ट. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर कॅल्शियमचा आकडा कुठलाही असो, डॉक्टर त्याच दिवशी.

तोवर दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी घोट घोट प्या, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या त्रासामुळे पाण्यावर बंधन नसेल तर. रात्री उठावं लागतं म्हणून पाणी कमी करण्याचा मोह होतो, तो नेमका उलटा पडतो. पोट साफ होत नाही म्हणून कोणी चुन्याची निवळी सुचवलीच तर घेऊ नका, चुना म्हणजे कॅल्शियमच. ॲसिडिटीच्या चघळायच्या गोळ्यांतही बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेट असतं, तेही वाचून पाहा. दूध-दही सोडायचं का? कॅल्शियम नॉर्मल असेल तर अजिबात नाही. 'प्लस एफ' छापलेल्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट डी घातलेलं असतं. तुमच्या एका पुडीइतकं डी त्या दुधातून मिळवायचं तर आठवड्यात दोनशे लिटरहून जास्त दूध रिचवावं लागेल. कॅल्शियम वाढलेलं आलं तर मात्र डॉक्टर सांगतील तोपर्यंत दूध, पनीर, नाचणी आणि तीळ कमी.

यजमानांची मला तुमच्यापेक्षा जास्त काळजी वाटते, आणि तुमच्या पत्रात ते ओझरते आलेत. त्यांचं डी मुळात कमी होतं की नाही, हेच कुणी पाहिलेलं नाही. शिवाय त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. त्यांच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायाझाइड आहे का पाहा. गोळीच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' असं शेपूट असलं तर बऱ्याचदा असतं. ही औषधं लघवीतून जाणारं कॅल्शियम अडवतात. एरवी ते चांगलंच, मुतखड्याच्या काही रुग्णांना ती त्यासाठीच देतात. पण डीमुळे आतड्यातून कॅल्शियमचा पूर येतोय आणि बाहेरचं दारही निम्मं लावलेलं, अशा वेळी रक्तातला आकडा तुमच्यापेक्षा कमी डीवरही चढू शकतो. गोळी आपल्या मनाने सोडली तर बीपी उसळेल, म्हणून ती कोणती हे डॉक्टरांना दाखवा आणि पुडीबद्दल सांगा. बदलायची की नाही ते तेच ठरवतील. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर आजच फोन करा, कॅल्शियम वाढलं की ते औषध विषारी ठरतं. आणि मुतखड्याचा इतिहास आहे म्हणून त्यांच्या पोटाची सोनोग्राफी आणि २४ तासांच्या लघवीतलं कॅल्शियम या दोन गोष्टी डॉक्टरांना विचारून घ्या. रक्तातलं कॅल्शियम चढण्याआधीच बऱ्याचदा लघवीतलं चढलेलं असतं, आणि खडे तिथेच बनतात.

नातीबद्दल घाबरू नका. ३० हजार युनिट एकदाच गेले आणि महिना उलटला. डीची खूप कमतरता असलेल्या मुलांना डॉक्टर याहून मोठे डोस देतात. तिला बरं असेल तर धावपळ नको, पण सुनेला किंवा मुलीला सांगा आणि बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाला. हे लपवू नका. उद्या तिला कुणी दुसरं डी लिहून दिलं तर आधीची अर्धी पुडी त्यांना माहीत हवी. पुन्हा मात्र नाही. त्या वयाची वरची मर्यादा रोज ३ हजार युनिट आहे, आणि सर्दीवर डी हा इलाज नाही. बाळांच्या बाबतीत तर याहून जपावं लागतं. एक मिलिलिटरमध्ये ४०० युनिट असलेले थेंब बाजारात आहेत आणि ८०० असलेलेही. बाटली बदलली की जुन्या सवयीने तेवढेच थेंब घातले जातात आणि डोस दुप्पट होतो.

आता गुडघे, कारण मला वाटतं तुमची खरी भीती तिथे आहे. तुमचं डी ९ होतं तेव्हा मांड्या आणि पाठ दुखत होती. डीच्या कमतरतेचं दुखणं तसंच असतं. मांडीचे स्नायू दुबळे, जिना चढताना कठडा धरावा लागतो, पाटावरून उठताना हाताचा टेकू लागतो, नडगी दाबली तर कळ येते. ते पुडीने गेलं आणि जायलाच हवं होतं. पहिल्या दोन महिन्यांत पडलेला आराम खरा आहे. पण तो साठा भरल्यामुळे पडला. पुढच्या १४ महिन्यांच्या पुड्यांनी त्यात भर घातली नाही. गुडघ्याची झीज हे वेगळं प्रकरण आहे. ज्यांच्यात कमतरता नाही त्यांच्या झिजेच्या दुखण्यावर डीचा मोठासा फायदा चाचण्यांत दिसलेला नाही. तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम उपयोगी पडतो. खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, प्रत्येक पायाने दहा-दहा वेळा, दिवसातून दोनदा. सहा आठवडे नेटाने करून पाहा आणि मग पुडीच्या आठवणी काढा.

जास्त डी म्हणजे जास्त भक्कम हाडं हा समज अगदी डॉक्टरांमध्येही बरीच वर्षं होता, त्यामुळे मैत्रिणीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तो तपासून पाहिला गेला. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट देऊन पाहिले. २०१०मध्ये निष्कर्ष आले तेव्हा, डी घेणाऱ्या बायका कमी पडायच्या ऐवजी १५ टक्के जास्त पडल्या होत्या आणि त्यांची हाडं २६ टक्के जास्त मोडली होती. झ्युरिकमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तर आपल्या पुडीच्याच मापाची आहे. सत्तरीपुढच्या २०० जणांत महिन्याला २४ हजार युनिट घेणाऱ्यांपैकी वर्षभरात सुमारे ४८ टक्के लोक पडले, ६० हजार घेणाऱ्यांपैकी सुमारे ६७ टक्के. महिन्याला, ताई. तुम्ही आठवड्याला घेत होतात. कॅनडात कॅलगरीला तीन वर्षं रोज ४००, ४ हजार आणि १० हजार युनिट देऊन मनगटाजवळच्या हाडाची घनता मोजली. २०१९चा निष्कर्ष असा, की मोठ्या डोसवाल्यांची घनता कमी भरली. यातल्या बहुतेकांना तुमच्या ९सारखी तीव्र कमतरता नव्हती, हे ध्यानात ठेवा. कमतरता भरून काढायला मोठा डोस लागतोच. भरल्यावर तो चालू ठेवण्याबद्दल हे सगळं चाललं आहे.

आता डॉक्टरांकडे जायचा तुमचा संकोच. जुनी चिठ्ठी शोधा. बहुधा तीवर पुडीपुढे '८ आठवडे' असं लिहिलेलं सापडेल. तोंडी सांगितलेलं 'आठवड्यातून एकदा' लक्षात राहतं, 'किती आठवडे' ते घरी पोचेपर्यंत विरतं. उलट्या प्रकारचीही चूक होते, आठवड्याची पुडी काही जण रोज घेतात, आणि मग विषबाधा महिन्या-दोन महिन्यांत गाठते. तेव्हा तुमची चूक डॉक्टरांना नवी नाही. जाताना एका कागदावर लिहून न्या : पुडी कधी सुरू केली, किती घेतल्या, मध्ये कधी ६ लाख युनिटचं डीचं इंजेक्शन घेतलं होतं का, कॅल्शियमच्या गोळीत नेमकं काय आहे, मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, कॉड लिव्हर ऑइल असलं दुसरं काय चालू आहे. रिकामी पाकिटंही न्या. बोलायला सुरुवात करायला एवढं पुरे : 'डॉक्टर, तुम्ही दोन महिने सांगितलं होतं, मी सोळा महिने घेतली, आता कॅल्शियम बघायचंय.' रागावले तर रागावतील दोन मिनिटं. रिपोर्ट गुंतागुंतीचा निघाला तर ते हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवतील.

डी उतरायला वेळ लागतो. रक्तातलं अर्धं व्हायला दोन-तीन आठवडे लागतात हे खरं, पण चरबीतून नवं येत राहतं, म्हणून प्रत्यक्षात काही महिने धरा. पंधरा दिवसांनी पुन्हा डी करून पैसे घालवू नका, तीन महिन्यांनी करा. मध्ये फक्त कॅल्शियम आणि क्रिएटिनिन. ११२चं ८० झालेलं दिसलं की 'आता उतरायला लागलं, घेऊ का पुन्हा?' असा प्रश्न मनात येईल. ३०-४०पर्यंत येऊ द्या. पुढे लागलंच तर रोजची छोटी गोळी, ६०० ते २ हजार युनिटची, डॉक्टर ठरवतील ती. अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनेही २०२४मध्ये पन्नाशीपुढच्यांना अधूनमधूनच्या मोठ्या डोसापेक्षा रोजचा लहान डोस बरा, असंच म्हटलं आहे. ती तुम्ही जेवणानंतर घ्या, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. आणि चिठ्ठीवर बंद करायची तारीख लिहून घ्या, म्हणजे कॅलेंडरवर तेव्हाच खूण करता येईल.

उन्हाने डी जास्त होईल का, अशी शंका तुम्हाला येण्याआधीच उत्तर देतो. होत नाही. कातडीत एका मर्यादेपुढे बनलेलं कच्चं डी उन्हानेच मोडून निरुपयोगी होतं. ही सोय पुडीत नाही. मात्र सकाळी साडेसहाला तळजाईच्या टेकडीवर फिरून डी मिळतं हा आपल्याकडचा लाडका गैरसमज आहे. सूर्य खाली असताना लागणारे अतिनील किरण पोचतच नाहीत. खूण सोपी आहे : तुमची सावली तुमच्या उंचीहून आखूड असेल तर ऊन कामाचं. म्हणजे दहा-अकरा ते दोन-तीन. एप्रिल-मेमध्ये तेव्हा बाहेर बसणं शहाणपणाचं नाही, थंडीत मात्र गच्चीवर हात आणि पाय उघडे ठेवून वीस-पंचवीस मिनिटं सहज जमतात. काचेच्या खिडकीतून आलेलं ऊन चालत नाही. आणि डोळे सोडून सगळं स्कार्फ, सनकोट, हातमोजे यांत गुंडाळून दुचाकीवर निघालेली पुणेकरीण मार्चच्या भर दुपारी शहरभर फिरली तरी तिचं डी ९च येणार. तेव्हा तुमचं सुरुवातीचं ९ हा तुमचा दोष नव्हता. कमतरता होती, भरायला हवी होती.

भिशीत हा विषय निघेलच. तिथे ज्यांना पूर्वी क्षयरोग किंवा सार्कॉयडोसिस (फुफ्फुसांत वगैरे गाठी होण्याचा आजार) झाला असेल, मुतखडे होत असतील, मूत्रपिंड कमजोर असेल किंवा कॅल्शियम कधी वाढलं असेल, त्यांनी तपासल्याशिवाय एकही पुडी घेऊ नये. क्षयरोग आणि सार्कॉयडोसिसच्या गाठी मूत्रपिंडाला न विचारता डीचं काम करणारं रूप स्वतःच बनवतात, त्यामुळे माफक डोसनेही कॅल्शियम चढू शकतं. बाकी जणींपैकी कुणी सहा महिन्यांहून जास्त काळ आठवड्याची पुडी घेत असेल, तर तिला आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन करायला सांगा. आणि तुमच्या फ्रिजच्या दारात ज्या चार-पाच पुड्या उरल्या असतील, त्या कुणाला देऊन टाकू नका. फोडून ओल्या चहाच्या चोथ्यात मिसळा आणि कचऱ्यात टाका.